आबाजींची ई-क्लास

आमचे सरपंच आबाजी पंचायतीची सभा कधी कचेरीत भरवत नसत. विहिरीचा विषय असला की विहिरीवर, रस्त्याचा असला की भर रस्त्यात. "जिथलं ठरवाचं, तिथंच बसू," म्हणत. जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या आणि मी अकोल्याहून वलगावपलीकडच्या त्या गावी पंचायतीचा सेक्रेटरी म्हणून रुजू झालो होतो. मांडीवर वही घेऊन धुळीत ठराव लिहिताना या माणसाचा मला मनस्वी राग येई.

सगळ्यात लांबलेली सभा ई-क्लासवर झाली. ई-क्लास म्हणजे गावची चराईची जमीन. पळस, हिवर, बोरी आणि कमरेएवढं गवत. बहुतेक पंचांना ती नांगरून वाहितीला द्यायची होती. आबाजींना राखायची होती. गवताचं बी पडेपर्यंत जनावर सोडायचं नाही आणि हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, अशी त्यांची योजना. पंच धोतराची कुसळं उपटत कुरकुरत होते. आबाजी म्हणाले, "पडीक काहून म्हनता तिले? काम करून राहिली थे."

तेवढ्यात बौद्धपुऱ्यातली सर्जाबाई पुढे आली. तिला वावर नव्हतं, शेळ्यांवर घर चालायचं. "आबाजी, तुमच्या बैलायले कडबा हाय. माह्या शेऱ्यायनं का तुमचा ठराव खावा?"

आबाजींचं तोंड उतरलं. त्यांनी सभा तिथेच उठवली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली ती सर्जाबाईच्या अंगणात. दोन पंच अंगणात आलेच नाहीत. बाहेर रस्त्यावर उभे राहिले. आबाजी मात्र तिच्या पोत्यावर ऐसपैस बसले आणि मला म्हणाले, "लिवा सेक्रेटरी. नाल्याकडचा तुकडा शेऱ्यायसाठी खुला. वाळलं गवत कापाचा पयला हक्क ज्यायले वावर नाई त्यायचा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "काल माहं चुकलंच, बाई." ठराव पास झाला. माझा रागही तिथेच संपला.

पुढे त्यांचीच गाय बंद कुरणात शिरली. त्यांनी स्वतः हाकत नेऊन तिला कोंडवाड्यात घातलं. घरी बायकोनं दोन दिवस कोरा चहा दिला, तो मुकाट्यानं प्यायले.

आबाजी गेले ते ऐन श्रावणात, झडीच्या दिवसांत. आठ दिवसांच्या पावसानं गावातलं सगळं जळतण भिजून गेलं होतं. सरण रचायचं कशानं? आबाजींचा थोरला मुलगा रडत रडत कुऱ्हाड घेऊन निघाला. "ई-क्लासमदला एक हिवर तोडतो. माह्या बापानंच राखला ना थो."

सर्जाबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. "तुह्या बापानं राखला, म्हनूनच तुले तोडू देत नाई, पोरा."

ती घरी गेली आणि टोपलीभर कोरड्या गोवऱ्या घेऊन आली. परत गेली, दुसरी टोपली आणली. पावसाळ्यासाठी चुलीवरच्या माळ्यावर जपून ठेवलेलं तिचं सगळं जळतण होतं ते. मग घराघरांतून माणसं निघाली. कुणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणल्या, कुणी मोडकी बाज. त्या दिवशी अंगणात न आलेले ते दोन पंचही डोक्यावर भारे घेऊन आले.

नोकरीत मी पुष्कळ गावं केली, शेकडो ठराव लिहिले. गावानं डोक्यावर वाहिलेला ठराव तो एकच. आणि तो पावसाळा सर्जाबाईनं कशावर काढला असेल, हे अजूनही मनात येतं.