शिशाच्या काचेचा चष्मा

जळगावच्या एका हृदयरोगाच्या हॉस्पिटलात मी टेक्निशियन होतो. अँजिओग्राफी चालू असताना मी जाड काचेमागे बसून मशिन चालवायचो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, धुळ्याकडचा एक टेक्निशियन टेबलापाशी डॉक्टरांच्या शेजारी उभा राहायचा. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला की हवी ती वायर त्यांच्या हातात पडे. "हा असला की मला बोलावं लागत नाही," असं डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणत. माझ्याबद्दल ते कधीच काही म्हणाले नाहीत.

मशिनचे एक्स-रे किरण पेशंटच्या अंगावरून उलटून जवळच्यांच्या तोंडावर येतात. अंगावर शिशाचा एप्रन असतो, पण डोळे उघडेच. म्हणून शिशाच्या काचेचे दोन चष्मे मागवले. एक डॉक्टरांनी घेतला, दुसरा त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या कानांवर बसवला. काचेमागे बसणाऱ्या मला त्या चष्म्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

एप्रनची घडी घातली की आतलं शिसं तडकतं, म्हणून संध्याकाळी ते टांगून ठेवायचं काम माझं. असंच टांगताना मी त्याचा चष्मा उचलला आणि माझ्या कपाटात जुन्या फिल्मांमागे लपवला. तडा गेला म्हणून मुंबईच्या कंपनीकडे पाठवलाय, असं सांगितलं.

महिनाभराने तो म्हणाला, "नाना, चष्मा मुंबईले पायी गया का?"

"कंपनी दाद देत नाही रे. आणि तरण्या माणसाला कशाला हवाय चष्मा?"

तो हसला आणि उघड्या डोळ्यांनी टेबलापाशी गेला. पुढे चष्मा काढून द्यावासा वाटे. पण इतके दिवस कुठे होता, हे सांगावं लागलं असतं. मी निवृत्त होईपर्यंत तो कपाटातच राहिला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पन्नाशीच्या आतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "नाना, बठ्ठं धुकट दिसस. ऑपरेशनले तुम्ही या." मी धुळ्याला गेलो. त्या दिवशी एकाच डोळ्याचं ऑपरेशन होतं. किरणांमुळेच झालं का, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येईना. तो मात्र त्यांना सांगत होता, "आमना नानांनी चष्म्यासाठी लई खटपट करी."

त्याने शिकवलेले दोन टेक्निशियन पाया पडायला आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. या वयातही मी हातातला चहा त्या दुपारच्या डब्यासारखा तसाच ठेवला, आणि मला माझीच भीती वाटली. ते गेल्यावर ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी त्याला सगळं सांगून टाकलं.

तो माझ्याशी नेहमी घरच्या अहिराणीत बोलायचा. आता त्याने ऑफिसातली मराठी काढली.

"सर, मी तुमचं काय घेतलं होतं?"

मी उठून त्याला आधारासाठी हात पुढे केला.

"दुसऱ्या डोळ्याच्या वेळी येऊ नका," तो म्हणाला, आणि बायकोचा हात धरून आत गेला.