तीन जूनची गारपीट

१९ सप्टेंबर २०१७ रोजी किलियान होड्लच्या खात्यात गारपीट विम्याचे १८,६४३ युरो २० सेंट जमा झाले. सफरचंद उत्पादकांच्या आमच्या सोसायटीचा हिशेबनीस म्हणून त्या दाव्यावर शिक्का मी मारला होता. दाव्याला आधार सेवेरीन फुंडनरच्या नोंदीचा होता, आणि त्याच्या नोंदीवर आमच्या लाइटनबाख गावात कोणी शंका घेत नसे.

सेवेरीन निवृत्त पोस्टमन. १९८६ पासून तो वादळांची नोंद ठेवत होता, बिनपगारी. ढगात गारा आहेत एवढं रडार सांगतं, पण जमिनीवर काय पडलं ते माणसानेच सांगावं लागतं. विजा आणि गारांचा अभ्यास करणारं केंद्र आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे अशाच नोंदींवरून ताडून पाहतं. सेवेरीनचा नियम एकच, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. पलीकडच्या गावात अंड्याएवढ्या गारा पडल्याचं दहा जणांनी सांगितलं, तरी वहीत ओळ असे, ‘माझ्या अंगणात नाही.’ स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतून उठून तो गारा मोजायला गेला होता. त्याची बायको रोझविटा अजून सांगते, "मला अंगठी घालताना याचे हात कापत होते, मोजपट्टी धरताना मात्र नाही!"

२०१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो आठवडाभर इस्पितळात होता. घरी आला तो पाय ताठ बांधलेला. तीन जूनला दुपारी लांबवर गडगडलं, थोडा पाऊस झाला. तासाभराने किलियान भिजलेल्या अंगाने आला आणि त्याने टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. सात गारा खडखडत बाहेर आल्या. तो आणि सेवेरीन एका बाकावर शिकलेले, गावच्या अग्निशमन दलात चाळीस वर्षं एकच नळी धरलेले.

"घे, तुझे पाहुणे आलेत."

"कधी पडल्या?"

"आत्ता! बाग झोडपून निघाली माझी, आणि साहेब इथे पाय वर करून लोळतायत."

"मी पडताना पाहिल्या नाहीत रे."

"मी पाहिल्या ना! जळत्या गोठ्यात माझ्यामागे शिरलास, तेव्हा लावली होतीस का मोजपट्टी?"

सेवेरीनने मोजपट्टी घेतली. त्याने गारा मोजल्या. सर्वांत मोठी चार सेंटिमीटर. तारीख घातली, सही केली.

जानेवारीत केंद्र वर्षाच्या नोंदी तपासतं. तिथल्या डॉक्टर इम्के राबे यांचा फोन आला. "फुंडनरसाहेब, तीन जूनला तुमच्या टेकडीच्या बारा किलोमीटरच्या आत एकही वीज पडलेली नाही. रडारवर साधा पाऊस आहे. गारांचा ढग दिसतो तो अठ्ठावीस मेला."

सेवेरीनला गारांचा तो खडखडाट आठवला. पावसातून उचललेल्या गारा ओल्या असतात, एकमेकींना चिकटतात. या फ्रीजरमधल्या मटारासारख्या सुट्या आणि कोरड्या होत्या. बोटांना ते तेव्हाच कळलं होतं.

सेवेरीनने विचारलं म्हणून मी किलियानच्या विम्याचे कागद काढले. किलियानने हप्ता उशिरा भरला होता, विमा एक जूनला सुरू झाला होता. टेकडीपलीकडे बाग त्याची एकट्याचीच, त्यामुळे खरी तारीख सांगणारं कोणी नव्हतं.

सेवेरीन काठी टेकत बर्फातून त्याच्याकडे गेला. किलियानने नाकारलं नाही. "गारा खऱ्या, नुकसान खरं. चार दिवसांनी हुकलं, एवढंच."

"तारीख खोटी आहे."

"तारीख तू घातलीस. सही कोणाची आहे, बघ."

तिथून तो थेट माझ्या टेबलाशी आला. राबेबाईंनी त्याला एक वाट सुचवली होती. गारा कोणी आणल्या ते लेखी कळवलं, तर तेवढी एकच नोंद काढू. नाही तर आणखी किती नोंदी ऐकीव आहेत कोण जाणे, एकतीस वर्षांचा सगळा संच बाजूला ठेवावा लागेल.

"नाव देऊ का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "दिलंस तर विमावाले सोसायटीचे सगळे दावे पुन्हा उघडतील. चाळीस घरं आहेत, सेवेरीन." माझ्या शिक्क्याबद्दल मी बोललो नाही.

त्याने काठी हातात घेतली. "तुला मी विचारायला नको होतं," म्हणाला आणि उठला.

त्याने केंद्राला दोन ओळी लिहिल्या. ‘नोंद माझी आहे. गारा पडताना मी पाहिलेल्या नाहीत.’ मार्चमध्ये उत्तर आलं. लाइटनबाखच्या १९८६ ते २०१७ च्या नोंदी यापुढे पडताळणीसाठी वापरल्या जाणार नाहीत, केंद्राने दिलेली उपकरणं कृपया परत पाठवावीत. किलियान अजून रविवारी त्याच खानावळीत बसतो. सेवेरीन तिथे जात नाही. आभाळ भरून आलं की रोझविटा खिडक्या लावते, तो मान वर करत नाही.

उपकरणांच्या पार्सलला ११ युरो ४० सेंट लागले. ते सेवेरीनने भरले. सोसायटीतून मिळवून देतो, असं मी त्याला म्हणालो होतो. ते पैसे अजून दिलेले नाहीत.