लाटण्याने सरकवलेलं पातेलं

बाबा घरातच गेले. कोरोनाने की हार्टने, हे कोणीच सांगेना. डॉक्टर जिना चढायला तयार नव्हता. महापालिकेची माणसं आली आणि त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेली. आम्हा मायलेकींना दारातूनच नमस्कार करायला सांगितलं. झालं, संपलं!

आईला डायबेटिस. सकाळीच इन्शुलिन घेतलेलं आणि पोटात अन्नाचा कण नाही. हात थरथरायला लागले होते. साखरपाणी पाजलं, पण त्यावर ती किती तग धरणार? ॲम्ब्युलन्सचा फोन लागत नव्हता. आणि बाई हट्टाला पेटलेली. "आज आपल्या घरात चूल पेटाची नाय. शेजाऱ्यांनी पिठला-भात आणून दिल्याशिवाय मी खावचंय नाय."

तिचंही बरोबर होतं. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत कोणाकडेही माणूस गेलं की पिठलं-भाताचं पातेलं घेऊन पहिली हीच पोचायची. आज मजल्यावरची सगळी दारं बंद. ग्रुपवर मात्र ज्ञानाचा पूर आलेला. एक म्हणे हवेतून पसरतो, दुसरा म्हणे स्टीलवर टिकतो, तिसरा म्हणे गरम अन्नात मरतो. अरे, नक्की काय ते एक सांगा ना!

मी चिडून गॅस पेटवला. पिठलं-भात केला. आई तिकडे बघेचना.

मग पातेलं उचललं, समोरच्या काकूंच्या उंबऱ्याशी ठेवलं, बेल वाजवली आणि परत आमच्या दारात येऊन उभी राहिले. "काकू, काही करू नका. फक्त हे उचलून आमच्या दारात ठेवा. तुमच्याकडून आलं तर ती खाईल हो."

काकूंनी जाळीचं दार उघडलं. घरात त्यांची सून बाळंतीण. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. मला राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती. त्या आत गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्याच. तेवढ्यात लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि ओणव्या होऊन त्याने पातेलं आमच्या दारापर्यंत ढकलत आणलं. फरशीवर केवढं वाजलं ते!

आई बघत होती. "दिल्यान ना तिना," ती म्हणाली. "आण हकडे."

ती जेवली. तिथेच बसून, खाली मान घालून. काकू जाळीआडून रडत होत्या. डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "आता हे लाटणं टाकून देऊ का गं?"