काडीमास्तर आणि कापलेलं गाणं

अंगाने नुसती काडी, म्हणून नाटक कंपनीत सगळे त्याला काडीमास्तर म्हणत. लागला तो प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर, आणि कोणी अडखळलं की दबक्या आवाजात पुढचा शब्द पुरवायचा. सहा वर्षं त्याने हेच केलं. नाटक कुठे ढिलं पडतं, ते त्याला नुसत्या कानाने कळायला लागलं.

पहिली संधी भांडणातून आली. संगीतकार नायिकेवर रुसून तडकाफडकी निघून गेला. प्रयोग आठ दिवसांवर आणि दोन गाण्यांना चालीच नाहीत. काडीमास्तरचे वडील पियानो दुरुस्त करायचे. त्यांच्याबरोबर घरोघरी फिरता फिरता तो वाजवायला शिकला होता. त्याने भीत भीत एक चाल ऐकवली.

"ही आपणहून गळ्यात बसते," नायिका म्हणाली. "आधीची मी कोंबून बसवत होते."

झालं, तो संगीतकार झाला. पुढे दिग्दर्शकाने अंथरूण धरलं, तालमी याच्याकडे आल्या. लेखकाने तिसरा अंक 'देतो, देतो' म्हणत हात वर केले, तोही यानेच लिहिला. चाळिशीत आला तेव्हा फलकावर त्याचं नाव तीनदा होतं: लेखन, संगीत, दिग्दर्शन.

त्याची मोठी बहीण कंपनीचे कपडे शिवायची. फलक बघून ती म्हणाली, "छान दिसतंय. पण नाटक पडलं तर तू रागावणार कोणावर?"

नाटक खरंच पडायला आलं. दुसऱ्या अंकातच मागच्या रांगा उठायला लागल्या. त्याने प्रकाश बदलला, पडदा बदलला, एका नटाला विनाकारण झापलं. नटमंडळींना दुखणं कळत होतं, पण सांगणार कोण? लेखकाची तक्रार दिग्दर्शकाकडे न्यावी, तर तोही हाच.

शेवटी एका दुपारी तो शिवणखोलीत गेला.

"ताई, खरं सांग. कुठे बिघडलंय?"

तिने मशीनवरचा पाय थांबवला. "दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून निघते, तेव्हाचं ते बापाचं गाणं. गोड आहे रे. पण ते सुरू झालं की मी विंगेत सदऱ्याची बटणं लावायला घेते, आणि संपतं तेव्हा सगळी लावून झालेली असतात. तेवढा वेळ ती मुलगी दारात बॅग घेऊन उभी. तिला जाऊ दे की!"

ते गाणं त्याने वडील गेले त्या वर्षी केलं होतं. त्याच्या सगळ्या चालींत तीच सरस, हे त्यालाही माहीत होतं. तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी तालमीत त्याने वादकांना ती पानं काढायला सांगितली.

"मास्तर, सगळंच गाणं?" बापाचं काम करणाऱ्याने विचारलं.

"सगळंच. तुम्ही फक्त तिच्याकडे बघा आणि दारातून बाजूला व्हा."

नाटक चार वर्षं चाललं. पुढच्या नाटकाचं दिग्दर्शन त्याने आपणहून नायिकेकडे दिलं. दोघांचं रोज वाजायचं, पण काम पुढे सरकायचं.

साठीत त्याचा एक कान गेला, मग दुसराही मंदावला. पियानो त्याने देऊन टाकला. लिहिणं चालू राहिलं. जेवण झाल्यावर तो नवा अंक ताईला वाचून दाखवायचा. तिला डुलकी लागली की तो पेन्सिलीने त्या ओळीशी खूण करायचा, आणि वाचन न थांबवता पुढे जायचा.