नारळाच्या ताकातला हिंग

हिंगात गहू असतो! मला हे चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही कुंभकोणमच्या बाजारात, किराणा दुकानाच्या पायरीवर. मी मटकन खालीच बसले. दुकानदाराला वाटलं, ऊन लागलं. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी आपली हातातल्या डब्याकडे बघतेय.

माझ्या मुलीला गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे हो, सोसतच नाही. कणभर पोटात गेला तरी पोट फुगतं, जुलाब होतात, अंगावर धरलेलं मांस आठवड्यात उतरतं. सात वर्षांची होईपर्यंत कुणाला पत्ताच लागला नव्हता. मग निदान झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, गहू, मैदा, रवा जन्मभर बंद. आतडं सुधारेपर्यंत दूधही नको.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराचा किल्ला केला. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांबरोबर किल्ले राखायला इकडे आले म्हणतात. किल्ला राखायचं काम तेवढं माझ्या वाट्याला राहिलं होतं. गिरणीत गहूही दळतात म्हणून गिरणी बंद केली. इडलीचा तांदूळ धुवायचा, सावलीत वाळवायचा, घरच्या यंत्रावर दळायचा. त्यात साबुदाण्याचं पीठ आणि इसबगोल मिसळलं की पाव बऱ्यापैकी फुगतो. विकतच्या बेकिंग पावडरमध्ये कधीकधी गव्हाचं सत्त्व असतं असं वाचलं, तर तीही मी घरी करायला लागले. दुकानात मी प्रत्येक पुडा उलटा करून वाचायची, मागचे लोक कुरकुरले तरी हलायची नाही.

दुधाऐवजी नारळ. पातळ दूध काढून त्यात लिंबू पिळायचं, आलं, कढीपत्ता, मीठ आणि हिंगाचं पाणी घालायचं. डोळे मिटून प्या, ताकच म्हणाल. शाळेतून आल्या आल्या ती दोन पेले रिचवायची. मला काय धन्य वाटायचं, काय सांगू!

आमच्या घरात हिंगाची पूड कधी आलीच नाही. दुकानदार कागदात बांधून खडा देतो आणि तो खडा शेगडीजवळच्या पितळी वाटीत भिजत असतो. ती वाटी सासूबाईंनी पितळेसाठी नावाजलेल्या नाचियारकोविलहून आणलेली. खडा झिजला की नवा टाकायचा, पाणी आटलं की वर ओतायचं, वाटी रिकामी अशी होतच नाही. फोडणीला त्यातलं पाणी, सांबाराला त्यातलं पाणी, पोट दुखलं तरी चमचाभर त्यातलंच. जगातला प्रत्येक पुडा मी वाचला, पण या वाटीवर वाचायला काही नव्हतंच. आणि हिंगावर संशय कोण घेतो? तो तर पोटाचाच उपाय.

वर्षभराने रक्त तपासलं, तर सुधारणा शून्य. डॉक्टर म्हणाले, "गहू कुठून तरी जातोय." मी ऐकलं ते एवढंच की पोरगी चोरून खातेय. घरात मी डोळ्यांत तेल घालून बसलेली, मग दुसरं काय असणार? मी तिचं दप्तर झाडलं. तोंडाचा वास घेतला. आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

"अगं, नाही म्हणतेय ना ती," नवरा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याच लाडाने शेफारलीय."

तिला देवापुढे उभी केली. आमच्या घरात खरंखोटं ठरवायचं तर समईला हात लावून बोलायचं. तिथे खोटं कुणी बोलत नाही, असा आमचा समज. "लाव हात आणि खरं सांग," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात लावून हळूच म्हणाली, "खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"पुरी. मैत्रिणीच्या डब्यातली."

एकाच बाकावर बसायच्या दोघी, अगदी बालवाडीपासून. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी त्या मुलीच्या आईला गाठलं आणि चार लोकांत नको नको ते बोलले. वर्गाच्या बाईंना सांगून माझ्या मुलीचा बाकही बदलून घेतला. तरी पोट दुखायचं थांबेना. मग मी हिंगाचं पाणी वाढवलं. एकाऐवजी दोन चमचे.

आणि त्या दिवशी दुकानात सुटा खडा संपला होता. दुकानदाराने बंद डबा दिला. सवयीने मी तो उलटा केला, चष्मा लावला, आणि वाचलं: गव्हाचं पीठ.

"हे काय, अण्णा? गहू?"

"मग काय, अक्का? नुसता हिंग कुणाला झेपतो? पीठ घालूनच खडा बांधतात. तुम्ही नेता तोही असाच, पहिल्यापासून."

पहिल्यापासून! म्हणजे ताकातून, सांबारातून, आणि पोट दुखलं की चमच्याने वरून. मीच पाजत होते, माझ्या या हातांनी. घरी कशी पोचले, देव जाणे. वाटी मोरीत ओतली आणि चिंच लावून घासत बसले. काळं झालेलं पितळ लख्ख निघालं तरी माझा हात थांबेना.

मुलगी शाळेतून आली. तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं. मग माझ्या डोक्यात लखकन आलं.

"अगं, मग ती पुरी?"

"नव्हती खाल्ली."

"समईला हात लावून सांगितलंस की!"

"नाही म्हटलं की तू परत विचारायचीस, अम्मा. हो म्हटल्यावर थांबलीस."

आठ वर्षांची पोर, देवापुढे खोटं बोलली, ते माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण अंग आखडूनच.

"तिची आई तिला माझ्याशी बोलू देत नाही," ती म्हणाली. "तू जाऊन सांगशील? मी काही घेतलं नव्हतं म्हणून?"

"सांगते. आत्ता जाते."

"नक्की?"

"नक्की गं, बाळा."

तिने माझा हात धरला आणि मला देवापाशी नेलं.

"हात लाव," ती म्हणाली.

मी समईला हात लावला.