निंबाखालचा खड्डा

माझी बहीण उमरेडला लकवा होऊन पडली होती. तिला दर आठवड्याला भेटायचंच, असं मी ठरवलं होतं. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी साठी ओलांडलेली, आयुष्यभर हातमागाच्या पावड्या दाबून गुडघे कामातून गेलेले. नागपूरच्या आमच्या विणकर वस्तीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत कुठे टेकायला जागा नव्हती. एकदा अर्ध्या वाटेत कोणाच्या तरी भिंतीला धरून उभी राहिले आणि तिथूनच परत फिरले.

“माय, काहून फिरून राहिली या वयात? घरीच बस ना,” मुलगा म्हणाला. मायेनंच म्हणाला असेल, पण मला मिरच्या झोंबल्या.

मग वस्तीतल्या आम्ही पाच-सहा म्हाताऱ्या माणसांनी वाटेतल्या निंबाखाली ओटा बांधायला घेतला. विटा मागून आणल्या, मोडक्या मागाची सागवानी लाकडं काढली. जन्म मागावर गेलेला; बसायचं म्हणजे मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून ओटा वीतभरच उंच केला आणि समोर पायांसाठी खड्डा खणला. बसलो तर काय सुख! उठता मात्र एकालाही येईना. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओढून काढलं आणि आठवडाभर आमच्यावर हसले. हसू देत. माझ्या घरी मागाच्या वर उठायला दोर टांगलेला असे, तसाच आम्ही फांदीला बांधला.

एक दिवस कुठल्याशा खात्याचा साहेब आला. रस्त्याकडेला खड्डा चालणार नाही, उद्या बुजवतो, म्हणाला. रिकामा असला की वर फळी टाकू, असं आम्ही परोपरीनं सांगितलं. ऐकायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी तो मजूर घेऊन आला, तेव्हा आम्ही सगळे पाय खाली सोडून बसलेलो. दोर मी फांदीवरून सोडवून मांडीवर गुंडाळून ठेवला होता.

“उठा इथून,” तो म्हणाला.

“उठणं होत नाही गा आमच्याकडून,” मी म्हटलं. “तूच उचल.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या आडव्या अंगाकडे पाहिलं. मजूर तर हसायलाच लागले. दुपारपर्यंत उभा राहून तो निघून गेला, तो पुन्हा काही आला नाही.

पुढच्या सोमवारी मी बहिणीकडे एकटी निघाले. निंबाखाली दम खाल्ला, दोर धरून उठले, तर मागून मुलगा लगबगीनं आलेला.

“चाल माय, तुले उमरेडले नेऊन सोडतो.”

“तू काहून येऊन राहिला? घरीच बस ना,” मी म्हटलं आणि गाडी गाठली.