टॉर्विक बाईंचे पूर्ण मार्क

व्हर्ना आसगार्ड ही आमच्या गणित विभागाची नावाला सेक्रेटरी. खरं सांगू? विभाग तीच चालवते. एकतीस वर्षं झाली. किती डीन आले नि गेले, ही बाई जागची हलली नाही. मी इथले कॉम्प्युटर सांभाळतो, तोंडाचा फटकळ आहे. मला गप्प बसवणारी ती एकटीच.

विस्कॉन्सिनच्या या गावात जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या मिस अल्मा टॉर्विकनं जाताना आपलं सगळं शेत विद्यापीठाच्या नावे केलं. ते विकून आलेल्या पैशातल्या मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजावर एका संशोधकाचा पगार निघतो. सध्या तो एझ्राला मिळतो. गणितातल्या सिद्धता कॉम्प्युटरकडून तपासून घ्यायच्या, हे त्याचं काम.

यंदा डीनच्या डोक्यात इमारतीचं भूत शिरलं. हा पैसा तिकडे वळवायचा, दारावर टॉर्विक नाव कोरायचं. त्यासाठी बाईंचा भाचा आणि वारस हार्लन याची सही हवी. हार्लनचा चीजचा कारखाना आहे, आणि दर वसंतात देणगीदारांच्या जेवणाला तो न चुकता येतो. त्यानं सही केली की एझ्रा जूनमध्ये घरी.

"हार्लननं विचारलं, तर 'काम आशादायक आहे' एवढंच म्हण," व्हर्नानं एझ्राला चार दिवस पढवलं होतं. "आणि जास्त शहाणपणा करू नकोस."

जेवण झालं. लिंबाच्या वड्या फिरल्या. डीननं कागद पुढे सरकवला. हार्लननं पेन काढलं आणि एझ्राकडे पाहिलं. "काय रे पोरा, तीन वर्षांत काय झालं?"

"काही नाही," एझ्रा म्हणाला. "झालं असं वाटत होतं. पण मंगळवारी माझ्याच प्रोग्रामनं माझी चूक दाखवली. अख्खी सिद्धता कोसळली."

या गणितवाल्यांचं हे असंच! गळ्यावर सुरी ठेवली तरी खोटं बोलवत नाही. मला त्याचं मुंडकं मुरगाळावंसं वाटलं. डीनचा चेहरा मात्र खुलला.

"हार्लन," कॉफीची किटली खाली ठेवत व्हर्ना म्हणाली. ती आणि हार्लन शाळेत एकाच वर्गात, टॉर्विक बाईंच्याच हाताखाली होते. "आपली चूक आपण आधी सांगितली की बाई काय करायच्या रे?"

"पूर्ण मार्क द्यायच्या," हार्लन पुटपुटला.

"तुला किती वेळा मिळाले?"

"गप गं."

"एकदाही नाही! पान फाटेस्तोवर रबर घासायचास लेका, चूक लपवायला. आणि हा बघ. पोटावर पाय येणार हे ठाऊक असून तुझ्या तोंडावर सांगतोय."

हार्लनचे कान लालबुंद झाले. मग तो गदगदून हसायलाच लागला. तेव्हा मला व्हर्नाचा जो अभिमान वाटला, काय सांगू!

"आत्याला इमारत कशाला हवी?" डोळे पुसत हार्लन म्हणाला. "इमारत काय स्वतःची चूक सांगणार आहे?" मग एझ्राकडे वळला. "दुरुस्त किती दिवसांत होईल?"

"माहीत नाही. होईलच असंही नाही."

व्हर्नानं कपाळावर हात मारून घेतला.

"व्हर्ना," हार्लन म्हणाला, "या बावळटाला ठेवायचं तर सही कुठं करू?"

"कुठंच करू नकोस," ती म्हणाली. "पेन खिशात घाल आणि वडी खा."